तिकडे आपल्याला कोणी ओळखत नाही!

मागच्या उन्हाळ्यात एक जोडपे माझ्या ऑफिसात आले. काका रेल्वेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालेले. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत तीस वर्षे काढलेली. विहाराच्या बांधकामाला काकांनी पगारातून पैसे दिलेले, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत दरवर्षी पाणी वाटलेले. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी भिलाईला सासरी. काकांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. मध्य प्रदेशातल्या एका लहान शहरात बांधलेले घर विकत घ्यायचे ठरले होते, त्याची ही इसारपावती. 51 हजार रुपये देऊन झाले होते. पुढचे कागद मी तपासावेत, एवढेच त्यांचे म्हणणे.

मी विचारले, "काका, नागपूर सोडून तिकडे कशाला?"

काकांनी कारणे सांगितली. हवा चांगली. गडबड नाही. नागपुरात वन-बीएचकेला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात तिकडे अंगणाचे घर. ही कारणे कोणीही सांगेल, आणि ती खरीही आहेत. पण उठता उठता ते सहज एक वाक्य बोलून गेले: "आणि वकीलसाहेब, तिकडे आपल्याला कोणी ओळखत नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. ज्या माणसाला वस्तीतले लहान पोरही "काका, जयभीम" म्हणते, त्याला म्हातारपणी कोणी न ओळखणारे गाव का हवे असावे? हा थकवा आहे की पळ? की अखेर चार दिवस नुसता माणूस म्हणून जगण्याची साधी इच्छा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजातील प्रत्येक निवृत्त नोकरदाराने शोधले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याबरोबर घर पाहायला गेलो. घर चांगले होते. घरमालक वयस्कर, बोलायला गोड. चहा आला. दलालाने ओळख करून दिली. मालकाने काकांना नाव विचारले, मग "पूरा नाम" विचारले. काकांनी आडनाव सांगितले. ते त्या बाजूला ओळखीचे नव्हते. मग प्रश्न आला, "महाराष्ट्र में आप लोग कौन हुए?" काका क्षणभर थांबले. बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "हम बौद्ध हैं।" चहा प्यायला गेला, नमस्कार-चमत्कार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाचा फोन आला की मालकाच्या मुलाला घर विकायचे नाही. 51 हजार रुपये त्याच संध्याकाळी खात्यात परत. एक रुपया कमी नाही!

पैसे इतक्या तत्परतेने परत यावेत, याहून मोठा पुरावा कोणता? पण न्यायालयात तो पुरावा चालत नाही. मी काकांना म्हणालो, लढू या. ते म्हणाले, "या वयात कोर्टकचेरी नको." आणि मी वकील असून गप्प बसलो. ही चूक मी येथे कबूल करतो. दलालाला मी निदान एक लेखी पत्र पाठवून कारण विचारायला हवे होते.

बांधवांनो, आपल्या बापजाद्यांनी गाव सोडले ते कशासाठी? 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले होते. तुमच्या स्वप्नातले खेडे आणि आमच्या वाट्याला आलेले खेडे यांत किती अंतर आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच आपली माणसे नागपूरच्या गिरण्यांत आली, मुंबईच्या बीडीडी चाळींत आली, रेल्वेत आली. शहरात जात संपली असे नव्हे. पण शहराच्या गर्दीत जात विचारायला प्रत्येकाला वेळ नसतो. लहान शहरात मात्र वेळच वेळ असतो. तिथे किराणा दुकानदार, दूधवाला, शेजारी सगळेच विचारतात. म्हणजे काकांचा हिशेब उलटा होता. जिथे कोणी ओळखत नाही असे त्यांना वाटले, तिथेच त्यांची ओळख अर्ध्या तासात काढली गेली. लहान शहर म्हणजे अनेकदा पक्क्या रस्त्याचे खेडेच.

मग काय, परराज्यात जाऊच नये? असे मी म्हणणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19 ने भारतात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क बाबासाहेबांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आला. तो कोणा घरमालकाच्या भीतीने सोडून देणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा जिंकू देणे आहे. पण जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून जावे. कायदा काय सांगतो ते आधी समजून घ्यावे.

पहिली गोष्ट जातप्रमाणपत्राची. आपल्यापैकी अनेकांचा समज असा की आपली जात शेजारच्या राज्याच्या यादीतही आहे, मग तिकडेही सवलत मिळेल. महार ही जात मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, गुजरात, गोवा या राज्यांच्या यादीत आहे हे खरे. पण अनुच्छेद 341 प्रमाणे अनुसूचित जात ठरते ती त्या त्या राज्याच्या संबंधात. मारी चंद्रशेखर राव प्रकरणात 1990 मध्ये आणि पुन्हा 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी सांगितले की, स्थलांतर करून गेलेल्या माणसाला नव्या राज्यात त्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, जातीचे नाव दोन्ही याद्यांत असले तरीही. 2018 मध्ये बीरसिंग प्रकरणात घटनापीठाने राज्याच्या नोकऱ्यांबाबत हीच भूमिका कायम ठेवली.

निवृत्त माणसाला नोकरीचे आरक्षण नको असते, तेव्हा त्याचे काय बिघडते? त्याचे दोन गोष्टींत बिघडते. एक, तुम्ही तिथल्या नगरपालिकेच्या राखीव जागेवर उभे राहू शकत नाही. समाजकार्याची आवड असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट नातवंडांची. महाराष्ट्रात जातप्रमाणपत्रासाठी 10 ऑगस्ट 1950 या मानीव दिनांकाचा वास्तव्याचा पुरावा लागतो. हा पुरावा गावच्या घरात, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, कोतवाल बुकाच्या नकलेत असतो. म्हातारा-म्हातारी घर विकून, जुन्या पेट्या रद्दीत घालून परराज्यात गेली की तो पुरावाही गेला. नातवाच्या जातपडताळणीच्या वेळी बाप वणवण फिरतो! घर विकायचे तर विका, पण ते कागद मुलांच्या हाती देऊन मगच विका.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. परराज्यात अत्याचार झाला आणि तिथल्या पोलिसाने "तुम्ही आमच्या राज्याचे एससी नाही" असे म्हटले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही, तो न्यायालयात गेलेला आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने निर्वाळा दिला की, 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरते मर्यादित नाही. देशात तो जिथे राहील तिथे ते त्याच्याबरोबर असते. सवलत राज्याच्या सीमेवर थांबते, पण सन्मान थांबत नाही, असा या निकालाचा मथितार्थ. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा असल्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. पण त्याची प्रत जवळ ठेवावी आणि ठाण्यात दाखवावी.

आणि घर नाकारले तर? 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 4 पाहा. कोणत्याही वस्तीत राहण्यासाठी घर बांधणे, मिळवणे किंवा वापरणे यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, असे कलम 12 सांगते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कायदा आहे, पण वापर नाही. कारण आपण तोंडी बोलणी करतो आणि तोंडी नकार गिळतो. व्यवहार लेखी करा, इसारपावतीवर घराचे पूर्ण वर्णन आणि मुदत लिहून घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. काकांच्या बाबतीत मी हेच केले नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. प्रत्येक राज्याचा जमीन कायदा वेगळा. हिमाचल प्रदेशात 1972 च्या कायद्याच्या कलम 118 प्रमाणे तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये 1959 ची जमीन महसूल संहिता चालते. तिकडे सातबारा नाही; खसरा आणि बी-1 पाहायचे, शेतजमिनीचे डायव्हर्शन झाले आहे का ते पाहायचे, रजिस्ट्रीनंतर नामांतरण करून घ्यायचे. मुखत्यारपत्रावर घर घेऊ नका. तसल्या कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे.

याच संहितेच्या कलम 165 (6) कडे मी विशेष लक्ष वेधतो. अनुसूचित क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. रस्त्यालगतचा प्लॉट संशय यावा इतका स्वस्त असेल तर तो कोणाचा होता ते विचारा. दुसऱ्याच्या नावावर आदिवासीची जमीन फिरवून विकणारे दलाल असतात. जमिनीवाचून पिढ्या काढलेल्या समाजाने दुसऱ्या वंचिताची जमीन स्वस्तात मिळाली म्हणून घ्यावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. कायद्याने ती बाद होईल ते वेगळेच.

कायद्याचे झाले. आता विचाराचे. आपण निवृत्तीचे वय साठ धरतो. बाबासाहेबांना साठावे वर्ष पूर्ण झाले एप्रिल 1951 मध्ये. त्याच सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. शरीर मधुमेहाने पोखरलेले, डोळ्यांना त्रास, पायांत वेदना. आजच्या हिशेबाने कोणीही म्हणाले असते की आता आराम करा. तळेगावला त्यांची जागा होती, बंगला होता. हवा उत्तम. त्यांनी काय केले? 1 सप्टेंबर 1951 रोजी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली होती, ते काम पुढे नेले. 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. नोव्हेंबरात काठमांडूला गेले, परतताना सारनाथ आणि कुशिनगर पाहिले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे काम शेवटच्या रात्रीपर्यंत चालू होते. आज आपण जो काही धम्म सांगतो, तो या साठीनंतरच्या पाच वर्षांची कमाई आहे!

प्रत्येकाने बाबासाहेबांसारखे झिजावे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. काकांनी रात्रपाळ्या केल्या आहेत, बाईंनी एसटीने रोज तीन तासांचा प्रवास केला आहे. त्यांना अंगण आणि सावली मिळालीच पाहिजे. विश्रांती हा काही गुन्हा नाही. पण विश्रांती आणि लपणे यांत फरक आहे. दारावरची पाटी काढून, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेऊन, "आम्ही महाराष्ट्रीयन" एवढेच सांगून मिळवलेली शांतता किती दिवस टिकेल? आणि ज्या वस्तीने आपल्याला घडवले, ती शिकलेली माणसे निघून गेल्यावर कोणाच्या भरवशावर राहील? वस्त्यांतील अभ्यासिका बंद पडतात त्या पैशांअभावी कमी, बसणाऱ्या माणसाअभावी जास्त.

म्हणून परराज्यातले लहान शहर निवडणाऱ्यांसाठी मी चार कसोट्या सुचवतो.

पहिली, तिथे पूर्ण नावाची पाटी लावून राहता येते का? घर घेण्याआधी सहा महिने, निदान एक पावसाळा, भाड्याने राहून पाहा. भाड्याचे घर शोधतानाच त्या शहराचा स्वभाव कळतो.

दुसरी, रात्री दोन वाजता छातीत दुखले तर रुग्णालयापर्यंत कोण नेईल? अंतर किती आणि वाहन कोणाचे? आपल्याकडे नातेवाईक दूर असतात, पण विहाराची माणसे जवळ असतात. जिथे विहार नाही तिथे जाणाऱ्याने हे आधी ठरवावे.

तिसरी, कागद नीट करून जावे. मतदारयादीत नाव बदलून घ्यावे, पेन्शनचा हयातीचा दाखला कुठून द्यायचा ते पाहावे. मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदार पुरतात. वारसाहक्काला बौद्धांनाही 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मुलांच्या नावे घर बक्षीसपत्राने करायचे असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहून घ्यावेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा आधार त्या शब्दांमुळे भक्कम होतो.

चौथी, तिथे आपल्या हातून काय होईल? या कसोटीवर काही शहरे आपल्याला जवळची आहेत. महू पाहा. बाबासाहेबांची जन्मभूमी, 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर. इंदूर जवळ, मराठी माणूस जुना. तिथे 14 एप्रिलला देशभरातून येणाऱ्यांना माहिती सांगणारी, निवाऱ्याची सोय पाहणारी माणसे लागतातच. मात्र महू ही छावणी आहे. कँटोन्मेंट हद्दीत अनेक ठिकाणी जमीन सरकारची आणि घर तेवढे राहणाऱ्याचे असते, म्हणून तिथला जमीन नोंदीचा उतारा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बोधगया पाहा. 1949 च्या कायद्याने महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन अर्धे बौद्धांच्या आणि अर्धे हिंदूंच्या हाती दिले आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्याविरुद्ध 1992 मध्ये भन्ते सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, फेब्रुवारी 2025 मध्ये भिक्खू पुन्हा धरण्यावर बसले. कायदा जाणणारा, हिंदी-इंग्रजी पत्रव्यवहार करू शकणारा एक निवृत्त कारकून तिथे वर्षभर राहिला तरी किती मोठे काम होईल!

काका-बाईंचे काय झाले? डोंगरगडला त्यांनी एक घर भाड्याने घेतले आहे. छत्तीसगड राज्य, पण रेल्वेचा नागपूर विभाग. काकांची निम्मी नोकरी त्याच मार्गावर गेली. टेकडीवर प्रज्ञागिरीची बुद्धमूर्ती, दरवर्षी फेब्रुवारीत तिथे धम्मपरिषद भरते. मुलगी भिलाईला, रेल्वेने जवळ. नागपूरचे घर विकलेले नाही. खालच्या खोलीत वस्तीतल्या पोरांची अभ्यासिका ठेवली आहे आणि किल्ली विहाराच्या सचिवाकडे आहे. जुन्या कागदांची पेटी पुण्याला मुलाकडे गेली. डोंगरगडला कायमचे राहायचे की नाही, ते पावसाळ्यानंतर ठरवणार आहेत.

मी भेटायला गेलो तेव्हा दारावर बाईंच्या हस्ताक्षरातली पाटी होती. दोघांची पूर्ण नावे, आणि खाली देवनागरीत जयभीम. मी काकांना विचारले, "आता इथे ओळखतात का तुम्हाला?"

काका हसले. म्हणाले, "दूधवाला पहिल्या दिवशी पाटी वाचून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी दुसरा आला, तोच दारातून जयभीम म्हणाला."

निवृत्तीसाठी गाव निवडणाऱ्या प्रत्येक बांधवाने घराचा भाव विचारण्याआधी आपल्या दारावरची पाटी कशी असेल ते ठरवावे. गाव त्यानंतर शोधावे. जयभीम!